किती टनाची बसवली?

खंबाटकी घाटात अडकलेला ट्रक बाहेर काढायला दहा मिनिटं लागोत नाहीतर अख्खी रात्र, बघ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवरच्या विंचकडे हनुवटी उडवून कुणीतरी विचारतं, "किती टनाची?" उत्तर आठ मिळो की बारा, विचारणारा "हं" म्हणतो. आपण याहून मोठी पाहिलेली आहे, हे सगळं त्या "हं"मध्ये येतं.

गेली कित्येक वर्षं पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहनं हा घाट चढून जातात आणि साताऱ्याकडून येणारी बोगद्यातून सुटतात. त्यामुळे चढणीवर बसकण मारणाऱ्या गाड्यांचा पुरवठा एकाच बाजूला, पण अखंड. त्या पुरवठ्यावर पायथ्याची गॅरेजं जगतात. त्यांतल्याच एकाच्या मालकांना सगळी पंचक्रोशी आबा म्हणते. आबांकडे टाटाचा जुना 1613 होता. या आकड्यातच गाडीची कुंडली असते : सोळा टन आणि एकशे तीस हॉर्सपॉवर. मागच्या हौद्यावर लोखंडी घोडी, तिला टांगलेला चेन ब्लॉक. साखळी ड्रायव्हर मामांनी ओढायची, आणि "ओढा, ओढा" म्हणायचं अख्ख्या खंडाळा तालुक्यानं, असा रिवाज होता.

मग शेजारच्या गॅरेजवाल्यानं गाडीवर हायड्रॉलिक विंच बसवली.

"किती टनाची?" आबांनी विचारलं.

"आठ म्हणत्यात," मामा म्हणाले.

"मग आपली धा."

यंत्राची निवड इथे पूर्ण झाली. ओढायचं काय, किती वजनाचं, चढावर की चिखलात, आणि आपली गाडी ते सोसेल का, हे किरकोळ तपशील तेवढे राहिले. ते भरायला पुतण्या होता. तो नुकताच डिप्लोमा करून आला होता आणि घरात त्याचं अजून कुणी ऐकत नव्हतं.

बातमी फुटली तसे सल्लागार जमले. सरपंचांनी आधी काळजी व्यक्त केली. "माझ्या हापिसातला एसी दोन टनाचा हाय, तर बिल बघून चक्कर येती. तुमचा धाचा म्हंजे किती युनिट पडंल?" एसीचा टन वेगळा, असं पुतण्यानं अदबीनं सांगितलं. चोवीस तासांत एक टन बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून बाहेर काढण्याचा तो वेग. त्यात कुणी कुणाला ओढत नाही. सरपंचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण धाचाच का? पंधराचा घ्या की."

दुसरा वाद विजेवरची की तेलावरची. जीपवर बसणारी बारा व्होल्टची इलेक्ट्रिक विंच पूर्ण ताणाखाली चारशेच्या आसपास अँपिअर खेचते. अल्टरनेटर त्याच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून सगळा भार बॅटरीवर येतो; आणि थोडं ओढून झालं की मोटर तापते, मग ती निवेपर्यंत हात बांधून उभं राहायचं. हायड्रॉलिक विंचला फक्त दाबाखालचं तेल लागतं. इंजिन चालू आणि तेल थंड आहे तोवर ती दिवसभर ओढते, आणि पाण्यात बुडाली म्हणून तिचं काही अडत नाही. आबांच्या गाडीपुरता हा वाद फार चालला नाही. त्यांची गाडी कायम उतारावर उभी असायची, आणि त्यामागे सौंदर्यदृष्टी नव्हती.

"आन् आपलंच इंजिन बंद पडलं तर?" मामांनी विचारलं.

हा हायड्रॉलिक विंचवरचा सर्वांत जुना आणि सर्वांत खरा आक्षेप आहे. इंजिन मेलं की पंप मेला, पंप मेला की विंच मेली. गॅरेजमध्ये शांतता पसरली. "मग शेजारच्याला बोलवायचं," क्लीनर म्हणाला. त्याला चहा आणायला पाठवण्यात आलं.

हायड्रॉलिक म्हटलं की लोकांना काहीतरी आधुनिक वाटतं. जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रज कुलूपवाल्यानं हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं ते 1795 साली, म्हणजे खर्ड्याला मराठे निजामाशी लढले त्याच वर्षी. प्रस्तुत लेखकाचं या विषयातलं शिक्षण केशकर्तनालयातल्या खाली-वर होणाऱ्या खुर्चीपुरतं आहे. पण त्या खुर्चीवरूनही एवढं समजतं की तेलाचा दाब ताकद ठरवतो आणि तेलाचा ओघ वेग ठरवतो. पुतण्यानं आबांना हेच सांगितलं. "दोन्ही जास्तच ठेव," आबा म्हणाले.

खरेदीला मंडळी मुंबईला गेली. रे रोडजवळच्या दारूखान्यात जुनी जहाजं मोडली जातात. तिथे साखळदंड, नांगर आणि वायर रोप यांच्या राशीत जहाजांवरच्या विंचही पडलेल्या असतात. एका दुकानदारानं अशाच एका धुडावरून फडकं फिरवलं. "जहाजाची आहे शेठ. काहीही बांधा." आबांना ती पाहताक्षणीच आवडली. पुतण्यानं तिचं वजन विचारलं. ते कळल्यावर असं दिसलं की ही विंच 1613 वर चढवली तर दुसरं काही ओढायची वेळच येणार नाही. तिलाच घाटातून वर नेता नेता दिवस सरेल. आबांना दंडाला धरून नागदेवी स्ट्रीटला आणावं लागलं.

नागदेवीला कॅटलॉग होते. एका गुळगुळीत पानावर जाड अक्षरात 20,000 छापलेलं होतं.

"वीस टन!" आबा म्हणाले. शेजारच्याचा चेहरा त्यांना दिसायला लागला होता.

"पौंड आहेत आबा," पुतण्या म्हणाला. "किलोत नऊ हजार बहात्तर."

आबांच्या चेहऱ्यावरचे अकरा टन क्षणात उतरले. पण खरा धक्का पुढेच होता. विंचवर लिहिलेली ताकद असते ती ड्रमवरच्या पहिल्या थराची. दोराचे थर एकावर एक चढतात तसा ड्रम जाड होतो आणि ओढ कमी होते. समजा, ड्रम 200 मिलिमीटर व्यासाचा आहे आणि दोर 16 मिलिमीटरचा. पहिल्या थरात दोर मध्यापासून 108 मिलिमीटरवर असतो, चौथ्या थरात साधारण 156 वर. म्हणजे दहा टनाची विंच चौथ्या थरावर सात टनांच्या आतच येते. मग दोर सगळा सोडून मोकळं व्हावं, तर तेही चालत नाही. ड्रमवर निदान पाच वेढे शिल्लक ठेवावे लागतात, कारण दोराचं टोक धरून ठेवणारा क्लँप ओढ सोसायला बनवलेलाच नसतो. ओढ सोसतं ते वेढ्यांचं घर्षण.

"हे कुठं लिहीत का न्हाई?" आबांनी दुकानदाराला फैलावर घेतलं.

"लिहिलंय ना शेठ." त्यानं शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. आबांचा चष्मा गॅरेजमध्ये राहिला होता.

अखेर दहाच टनांची, ब्रेकसकट, प्लॅनेटरी गिअरची विंच ठरली. वायर रोपचा कारखाना आपल्या चाळीसगावातही आहे, हे कळल्यावर आबांचा अभिमान जागा झाला आणि दोराचा भाव पाडायचं काम त्यांनी दोन मिनिटं थांबवलं.

लहान गाड्यांवर हायड्रॉलिक विंच पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालवता येते. सोय चांगली, पण त्या पंपाला तेलाचा ओघ बेताचा, त्यामुळे वेगही बेताचाच. आबांच्या गाडीत पॉवर होती ती मामांच्या दंडात. म्हणून टिपरला असतो तसा पीटीओ गिअरबॉक्सला जोडायचं ठरलं. गाडी न्यूट्रलला, क्लच दाबून पीटीओ टाकायचा, की इंजिन चाकांऐवजी पंप फिरवतं. पुतण्यानं हिशोब मांडला : मिनिटाला 60 लिटर तेल, 150 बार दाब, गुणाकार करून 600 नं भागायचं. 15 किलोवॅट, म्हणजे वीस हॉर्सपॉवर.

मामा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. "गाडी एकशेतीसची हाय. बाकीचे एकशेधा कुठं गेले?"

कुठेच गेले नाहीत, तेवढ्यांची गरजच नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. पुढे कितीतरी दिवस ते बॉनेट उघडून संशयानं आत बघत.

बसवायचं काम मिस्त्रींकडे आलं. अनुभव दांडगा, मत त्याहून. "मालक, चासीला चार टाके मारतो. जन्मात हलायची न्हाई." चासीच्या लांब पट्ट्यांच्या वरच्या-खालच्या काठांना भोक पाडू नये, वेल्डिंग तर करूच नये, असं गाडी बनवणारे पुस्तकात स्पष्ट बजावतात. भोकानं आणि तापलेल्या पोलादानं तो पट्टा तिथेच कच्चा होतो, आणि मग तडा जातो तोही भर ओढीत. पुतण्यानं हे सांगितल्यावर मिस्त्रींनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. "कितवीला हायस रं?" शेवटी तोड निघाली. चासीच्या उभ्या बाजूला जाड प्लेटा लावून बोल्टांनी आवळायचं. हाय टेन्साइल बोल्ट आणले. त्यांच्या डोक्यावर 8.8 असा दर्जाचा आकडा कोरलेला असतो. तो मिस्त्रींनी वाचला आणि "आठ रुपये ऐंशी पैसे? स्वस्तात मिळालं की," म्हणून शाबासकी दिली.

पंप जोडला, तेल भरलं. (तेलाच्या बाबतीतही एक सूचना आलीच होती : "नवं कशाला? गाड्यांचं जळकं ऑइल पडलंय ढीगभर.") गिअर पंपाची फिरायची दिशा ठरलेली असते, डावा वेगळा मिळतो, उजवा वेगळा. उलटा फिरवला तर तेल पुढे जात नाही, दाब शाफ्टच्या सीलवर येतो आणि सील बाहेर पडतं. ते पडलं. मागोमाग तेल आलं. मामा गाडीखाली होते.

नवा पंप आणला. आता नळ्यांचे आटे जुळेनात. हायड्रॉलिकच्या दुनियेत बीएसपी, मेट्रिक आणि जेआयसी अशी तीन घराणी आहेत आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही. अर्ध्या इंचाचा म्हणून मागितलेला नट दिसायला अर्ध्या इंचाचाच असतो. दोन आटे गोडीनं चढतो आणि तिसऱ्याला रुसतो. "टेफलॉन मारा," मिस्त्री म्हणाले. ज्या जोडात शंकूवर शंकू बसून तेल अडतं तिथे टेफलॉनचा उपयोग शून्य. पण महाराष्ट्रात गळणाऱ्या कुठल्याही गोष्टीला आधी टेफलॉन लावायचा आणि मग विचार करायचा, अशी पद्धत आहे. टेफलॉन लावला. गळती सुरू राहिली. ती कुठून होतेय ते बघायला मामांनी बोट पुढे केलं आणि पुतण्या पहिल्यांदाच ओरडला. दीडशे बारनं सुईएवढ्या भोकातून सुटलेलं तेल कातडी भेदून आत जातं; वर दिसतो तो बारीक ठिपका, आणि वेळेत डॉक्टर गाठला नाही तर बोट गमवावं लागतं. गळती शोधायची ती पुठ्ठा धरून. गॅरेजमध्ये पुठ्ठा एकच होता आणि त्यावर "उधारी बंद" लिहिलेलं होतं. तो कामी आला. त्या संध्याकाळी दोघांनी उधारीवर पंक्चर काढून नेलं.

राहिला रिलीफ व्हॉल्व्ह. ठरलेल्या दाबापलीकडे ताण गेला की तेल टाकीत परत सोडणारा हा छोटासा स्क्रू म्हणजे सगळ्या यंत्रातला एकुलता एक शहाणा भाग. पुतण्यानं गेज लावून तो 150 बारवर बसवला आणि जेवायला गेला. तेवढ्यात मिस्त्रींनी "जरा ढिला वाटतोय" म्हणून अर्धा आटा आवळला. मामांनी त्यांच्या परीनं आवळला. सरपंच सहज आले होते, त्यांनीही पान्याला हात लावला. आबा मालक असल्यामुळे त्यांचा पूर्ण एक आटा. चहा घेऊन आलेल्या काकूंनी हे पाहिलं आणि विचारलं, "ते कशाला असतं?" जादा दाब झाला तर सोडून द्यायला, असं उत्तर मिळालं.

"म्हणजे कुकरच्या शिटीवर पाटा ठेवताय होय तुम्ही?"

कुणी काही बोललं नाही. हायड्रॉलिक्सचं मूळ तत्त्व त्या आवारात एकट्या काकूंना कळलं होतं आणि ते कबूल करायची कुणाचीच तयारी नव्हती. व्हॉल्व्ह पुन्हा 150 वर आला, तो मात्र आबांच्या नकळत.

लिव्हरची कथा त्यामानानं छोटी. दोन नळ्यांची अदलाबदल झाल्यामुळे "ओढा" लिहिलेल्या दिशेला लिव्हर नेला की विंच दोर सोडायची. दोन नट सोडून नळ्या बदलल्या की काम झालं असतं. मिस्त्रींनी पाट्या बदलल्या. पुतण्याला ते पटलं नाही. त्यानं रात्री गुपचूप नळ्या बदलल्या. सकाळी दोन्ही दुरुस्त्या एकदम लागू झाल्या.

कागदाची बाजू उरली होती. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे, निर्मात्यानं ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला वाहनात परस्पर करता येत नाही. आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते कलम कडकपणे वाचलं. एजंटचा सल्ला सोपा होता : "पासिंगच्या दिवशी काढून ठेवायची, दुसऱ्या दिवशी बसवायची." हे ज्यानं सुचवलं त्यानं विंच कधी उचलून पाहिली नव्हती. एकदा बसवताना चौघांच्या कमरा धरल्या होत्या. दरवर्षी कमरा धरण्यापेक्षा रीतसर मंजुरी आणि नोंद परवडली. पुढे शोभेला जाडजूड बुल बार लावायचा आबांचा बेतही राहिला, कारण डिसेंबर 2017 मध्येच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र लिहून असल्या क्रॅश गार्डांवर कारवाई करायला सांगितलं होतं.

खंडेनवमीला पूजा झाली. विंचला हार, ड्रमला हळदकुंकू, दोर जिथून बाहेर येतो त्या रोलरांना लिंबू-मिरची. चाचणीसाठी लिव्हर ओढला आणि पहिल्याच फेरीत लिंबू रोलरांमध्ये सापडलं. रस मिस्त्रींच्या डोळ्यात गेला. यंत्राची ताकद सिद्ध झाली, असं सर्वानुमते ठरलं.

ऊसतोड सुरू झाली आणि पहिलं काम आलं. पाणंदीच्या चिखलात उसाची भरलेली ट्रॉली बुडाली होती. चाकांच्या तुंब्यापर्यंत चिखल असेल तर जेवढं वजन तेवढीच ओढ लागते, असा या धंद्यातला अडाखा आहे. ट्रॉली चांगलीच रुतली होती. आबांनी 1613 डांबरी रस्त्यावर लावला, हँडब्रेक ओढला. मामांनी हूक अडकवला. अर्धं गाव बांधावर होतं. प्रत्येकजण हातानं खूण करत होता आणि प्रत्येकाची खूण वेगळी.

लिव्हर पडला. दोर ताठ झाला. इंजिन घुमलं. आणि हळूहळू, अगदी डौलात, आबांचा ट्रक ट्रॉलीच्या दिशेनं निघाला.

विंचला कोण कुणाला ओढतंय याच्याशी देणंघेणं नसतं. ती मधलं अंतर कमी करते. रिकामा ट्रक आठ टनांचा धरला, तर चारही बाजूंनी ब्रेक आवळले तरी कोरड्या डांबरावर टायरांची पकड पाच-साडेपाच टनांची. त्याच्यावर दहा टनांची विंच बसवली तर उरलेल्या टनांनी आपलीच गाडी ओढली जाणार. "किती टनाची?" विचारणाऱ्यांतल्या कुणीही आजवर "गाडी किती टनाची?" असं विचारलेलं नव्हतं.

"आबा, लिव्हर सोडा! तुम्ही जवळ चाललाय!"

"कळतंय मला!" आबा केबिनमधून ओरडले.

मग चाकांखाली दगडाच्या उट्या लागल्या. ट्रक आंब्याला बांधायचा ठरला, तेवढ्यात आंब्याचा मालक कोयता घेऊन आला. दोन बाभळींवर तडजोड झाली. ट्रॉलीला स्नॅच ब्लॉक, म्हणजे उघडझाप होणारी पुली लावली, दोर तिच्यातून फिरवून परत गाडीला आणला. ओढ दुप्पट, वेग निम्मा. दहा टनांच्या पूर्ण ताणाखाली ही विंच मिनिटाला पाच-सहा मीटर दोर गुंडाळते, पुली लावल्यावर ट्रॉली मिनिटाला तीनच मीटर सरकते. बांधावरच्या मंडळींना हे नापसंत पडलं. त्यांना धडाक्यात काहीतरी हवं होतं. निम्मे लोक कंटाळून गेले आणि ट्रॉली कुणाच्याही लक्षात न येता बाहेर आली.

"किती टनाची हो?" जाता जाता एकानं विचारलं.

"धा," आबा म्हणाले. "पहिल्या थराला." त्यालाही "हं"च मिळालं.

घाटात अशी गाडी काम करताना दिसली तर वाचकांना एक विनंती. ताणलेला वायर रोप तुटला तर चाबकासारखा दोन्ही बाजूंना फिरतो. म्हणून जाणकार त्यावर ओलं गोणपाट टाकतात, दोर कधी ओलांडत नाहीत आणि बाहेर जेवढा दोर सुटलाय त्याहून जास्त अंतरावर उभे राहतात. तुम्हीही तेवढं लांब उभे राहा. सल्ला तिथूनही ओरडून देता येतो.